व्हाइट क्लिफ लीगचा भोंगा बोलतो

मित्रांनो, जरा जवळ सरका. एके काळी माझं बोलणं तीन रस्ते पलीकडे ऐकू जायचं, आता घसा बसलाय. मी एक म्हातारा भोंगा आहे. एका हातात मावणारा, पुढे पांढरा कर्णा, मागे तीन बटनं. इंग्रज लोक मला लाउडहेलर म्हणतात. उत्तर लंडनमध्ये, एजवेअरच्या जरा पुढे मिल लेन कम्युनिटी हॉल आहे. त्याच्या किचनमधल्या कपाटात, दुसऱ्या फळीवर, मोठ्या कुकरच्या शेजारी माझा मुक्काम असतो. मराठी मी त्याच कपाटात शिकलो. दर शनिवारी दाराच्या फटीतून क, ख, ग आत यायचं. तुम्हाला माझ्या बोलण्यात कुठे फोडणीचा वास आला तर तो कुकरचा दोष समजा.

माझा जन्म कारखान्यात झाला. कुठल्या देशातल्या, ते माझ्या पोटाखालच्या स्टिकरवर लिहिलं होतं. पण ज्यांनी मला विकत घेतलं त्यांनी पहिल्याच दिवशी तो स्टिकर नखाने खरवडला आणि त्यावर छोटा झेंडा चिकटवला. मला वाचायची संधीच मिळाली नाही. स्वतःचं पोट कुणाला खालून दिसतं?

माझी बटनं मात्र नीट लक्षात ठेवा. पिवळं दाबलं की सायरन वाजतो. लाल दाबून धरलं की आसपास जे काही बोललं जाईल ते वीस सेकंद मी गिळून ठेवतो. आणि हिरवं दाबलं की गिळलेलं बाहेर काढतो, पुन्हा पुन्हा, कुणी थांबवेपर्यंत. पोटात एक आणि ओठात एक हे आम्हा भोंग्यांना जमत नाही.

मला विकत घेणारे गृहस्थ म्हणजे मिस्टर डेस्मंड क्रम्प. साल २००३. क्रम्पसाहेबांनी एकतीस वर्षं लोकांच्या ड्रायव्हिंग टेस्ट घेतल्या होत्या. आयुष्य लोकांना नापास करण्यात गेलेलं. रिटायर झाल्यावर नापास करायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी एकदम अर्ध्या देशाला नापास करायचं ठरवलं. गोरे तेवढे पास, बाकी सगळे फेल, आणि फेल झालेल्यांनी आपापल्या देशात जावं, एवढीच त्यांची फिलॉसॉफी. त्यासाठी त्यांनी संघटना काढली आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या पांढऱ्या कड्यांवरून तिला नाव दिलं, व्हाइट क्लिफ लीग.

पहिली सभा त्यांच्या गॅरेजमध्ये झाली. तीन जण होते. क्रम्पसाहेब, कार्पेट बसवणारा कीथ आणि सँडविच बनवणारी मॉरीन. तिघांत मिळून एक प्रेसिडेंट, एक व्हाइस प्रेसिडेंट आणि एक चीफ ऑर्गनायझर निवडला गेला. साधा सभासद व्हायला कुणी तयार होईना. मग त्यांनी घटना लिहिली. त्यातले दोन नियम पुढे फार कामाला आले. नियम चार असा, की ज्याचे चारही आजी-आजोबा इंग्लंडच्या मातीत जन्मले असतील तोच सभासद. आणि नियम नऊ असा, की कुणाला काढून टाकायचं असेल तर सगळ्या सभासदांनी ब्रिटनच्या मोकळ्या आकाशाखाली उभं राहून मतदान करायचं. नियम नऊ मॉरीनला फार आवडला. तिला जुन्या राजे-रजवाड्यांचं वेड होतं.

"चारही?" कीथने तेव्हा घसा खाकरत विचारलं होतं.

"चारही," क्रम्पसाहेब म्हणाले. "का, तुला काही प्रॉब्लेम आहे?"

"मला? छे! मी आपलं सहज."

मॉरीन सँडविचचा पापुद्रा काढत खाली बघत होती. क्रम्पसाहेबही छताकडे बघत होते. मी तिघांच्या मधोमध टेबलावर होतो. मित्रांनो, तीन माणसं एकाच वेळी गप्प होतात तेव्हा काहीतरी भानगड असते, एवढं मला नवा असूनही कळलं.

पुढच्या एप्रिलमध्ये सेंट जॉर्ज डेला, म्हणजे इंग्लंडच्या रक्षक संताच्या दिवशी, लीगची पहिली मिरवणूक निघाली. क्रम्पसाहेब सेंट जॉर्ज होणार होते. चित्रातल्या संताचा असतो तसा घोडा पांढराच हवा होता. जो मिळाला तो होता चॉकलेटी, म्हातारा आणि स्वभावाने संशयी. कीथने त्याला भिंतीला लावायच्या खडूच्या रंगाने शेपटीपर्यंत पांढरा केला. पांढरा झगा, पांढरा घोडा, समोर चौदा माणसं आणि क्रम्पसाहेबांच्या हातात मी. दृश्य खरंच भारी होतं. बरोबर चार मिनिटं.

मग ड्रिझल सुरू झालं. इंग्लंडमधला तो पाऊस तुम्हाला माहीत आहे, पडतो की नाही कळत नाही पण भिजवतो मात्र. आधी घोड्याचे कान चॉकलेटी झाले, मग मान, मग पाठ. उतरलेला सगळा रंग क्रम्पसाहेबांच्या विजारीवर. फुटपाथवरची पोरं ओरडायला लागली, "घोडा खरा रंग दाखवतोय!" क्रम्पसाहेबांनी त्यांना गप्प करायला मला तोंडाशी धरलं आणि गडबडीत पिवळं बटन दाबलं. माझा सायरन घोड्याने आयुष्यात ऐकला नव्हता. तो जो सुटला तो थेट अलॉटमेंटमध्ये, म्हणजे लोकांच्या भाजीच्या वाफ्यांत शिरला आणि सेंट जॉर्जला पाठीवर ठेवून त्याने कुणाचेतरी बक्षीसपात्र लीक, म्हणजे कांद्याच्या जाड पातीसारखी भाजी, खाऊन टाकले.

लोक पोट धरून हसले. मीही हसलो असतो, पण माझ्या आत पाणी गेलं होतं.

इथेच लीग संपली असती तर माझं आत्मवृत्त पोस्टकार्डावर मावलं असतं. पण हसणारे लोक घरी गेले आणि न हसणारे मागे राहिले. चौदाचे बावीस झाले, बावीसचे त्रेचाळीस. कुणाची नोकरी गेली होती, कुणाला घर मिळत नव्हतं, कुणाचं बायकोशी पटत नव्हतं. क्रम्पसाहेबांकडे सगळ्यांना एकच औषध होतं, की हे सगळं बाहेरून आलेल्यांमुळे. लेटरबॉक्समधून घाणेरडी पत्रकं पडायला लागली. आणि माझ्या पोटात एक घोषणा भरली गेली, क्रम्पसाहेबांच्याच आवाजात. "हा देश आमचा! बाकीच्यांनी घरी जा!" प्रत्येक सभेत हिरवं बटन दाबायचं, मी एक ओळ म्हणायची आणि त्रेचाळीस जणांनी ती माझ्यामागून म्हणायची, अशी तालीमच झाली होती.

एक दिवस सांगायची लाज वाटते, पण सांगतो. बाजाराचा दिवस होता. हॉस्पिटलमधून ड्युटी संपवून एक नर्स घरी चालली होती. पिशवीत कोबी होता आणि चेहऱ्यावर बारा तासांचा थकवा. क्रम्पसाहेबांनी मला तिच्याकडे रोखलं आणि हिरवं बटन दाबलं. "घरी जा!" रस्ताभर आवाज घुमला. ती थांबली. काहीतरी बोलली. काय ते मला जवळ असूनही ऐकू आलं नाही, कारण तिच्या हातात भोंगा नव्हता आणि मी थांबत नव्हतो. आजूबाजूचे लोक आपापल्या बुटांकडे बघत राहिले. त्या दिवशी माझा आवाज फार सुरेख लागला होता, मित्रांनो. तेच मला अजून टोचतं.

त्या नर्सचं नाव अर्चना, हे मला नंतर कळलं.

२००६ च्या मे महिन्यात क्रम्पसाहेब अकरा मतांनी कौन्सिलवर निवडून आले. पहिलाच प्रस्ताव त्यांनी असा मांडला, की वॉर्डातल्या कचऱ्याच्या सगळ्या पेट्या पांढऱ्या कराव्यात. कौन्सिलने ट्रायल म्हणून एका रस्त्यावर केल्या. आठवड्याभरात त्या पेट्या कुठल्या रंगाच्या झाल्या ते सांगायला नको. पण लीग फॉर्मात होती. गॅरेज अपुरं पडायला लागलं आणि मिल लेन हॉलमध्ये शनिवारी दुपारी त्यांच्या मीटिंग सुरू झाल्या. माझी जागा किचनच्या कपाटात ठरली.

आणि तिथे मला लीलावतीबाई भेटल्या.

लीलावतीबाई अडुसष्ट वर्षांच्या, मूळ साताऱ्याच्या, हॉस्पिटलच्या किचनमधून रिटायर झालेल्या. शनिवारी सकाळी त्या हॉलमध्ये मराठीचा क्लास घ्यायच्या. बावीस मुलं होती, पण खरं सांगायचं तर क्लास सुरू झाला एकाच मुलीसाठी, त्यांच्या नातीसाठी. स्वराली सहा वर्षांची होईपर्यंत तिला फक्त इंग्लिश यायचं. आजी एक बोलायची, नात भलतंच समजायची, मग दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसायच्या. हसून किती दिवस भागणार? घरी शिकवायला बसलं की स्वराली पळून जायची. क्लासमध्ये बाकीची मुलं होती म्हणून ती टिकली, आणि वर्षभरात आजीला "पाणी दे" म्हणायला लागली. त्या दिवशी लीलावतीबाईंनी नातीला पाणी दिलं आणि स्वतः कपाटाच्या दाराआड डोळे पुसले. मी आतून बघितलंय.

बाईंना दोन खोडी होत्या. एक, समोर आलेल्या माणसाला खाऊ घातल्याशिवाय सोडायचं नाही. दुसरी, खाताना त्याला विचारायचं, "तुम्ही मूळचे कुठले? आजोळ कुठलं?" आपल्याकडे हे बससाठी क्यूमध्ये उभं राहिलं तरी विचारतात, त्यात काही विशेष नाही. पण क्लास सुटायचा एकला आणि लीगची मीटिंग असायची दीडला. मधल्या अर्ध्या तासात चहा करायला किचनमध्ये येणारा लीगचा एकेक माणूस बाईंच्या तावडीत सापडायचा. ही माणसं कोण, याचा बाईंना पत्ता नव्हता का? होता की. हॉलची सेक्रेटरी सिमा नागावकर त्यांना दर शनिवारी बजावायची.

सिमा म्हणजे मुंबईहून लहानपणी आलेली बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू बाई, किल्ल्यांचा जुडगा कमरेला, नियमाची पक्की. तिचं मराठी तिच्या आजीकडून आलेलं, थोडं गंजलेलं पण धार शाबूत.

"लीलाताई, त्या मेल्यांना कशाला खायला घालता? ते तुम्हाला देशाबाहेर काढायला बसलेत!"

"उपाशी पोटी काढणार आहेत का? खाऊ देत गं. आणि कीथभाऊ काही वाईट नाही, त्याच्या आजीची कहाणी ऐकलीस तर रडशील."

"कीथची आजी? तुम्हाला काय माहीत?"

"अगं, मी विचारलं, त्याने सांगितलं. त्यात काय?"

हीच तर गंमत होती, मित्रांनो. त्या माणसांना वर्षानुवर्षं कुणी प्रेमाने विचारलंच नव्हतं, की बाबा तुझी आजी कुठली. भजी हातात पडली की एकेक जण हळू आवाजात सांगून मोकळा व्हायचा, आणि म्हणायचा, प्लीज कुणाला सांगू नका. बाई इंग्लिशमध्ये "नो नो, नेव्हर" म्हणायच्या. त्यांचं इंग्लिश म्हणजे मराठीच, फक्त वरून कोट घातलेलं. प्रत्येकाला वाटायचं, लीगमध्ये डाग असलेला मी एकटाच.

२००७ च्या फेब्रुवारीत हॉलच्या बोर्डावर नोटीस लागली. हॉलच्या कमिटीची वार्षिक सभा मार्चमध्ये, रविवारी तीन वाजता. या सभेला एरवी आठ माणसं आणि बिस्किटांचा एक पुडा असतो. वॉर्डात राहणारा कुणीही येऊन मत देऊ शकतो, पण येतंय कोण? नेमकं हेच क्रम्पसाहेबांनी हेरलं. त्यांनी ठराव दिला, की इथून पुढे हॉलमध्ये फक्त इंग्लिशमध्ये चालणारे कार्यक्रम व्हावेत. त्रेचाळीस माणसं आणायची, हात वर करायचे, झालं. मराठीचा क्लास बंद.

लीलावतीबाईंनी नोटीस दोनदा वाचली. त्या दिवशी त्यांनी कुणाला खायला घातलं नाही.

"दुसरी जागा बघू ना," सिमा म्हणाली.

"बघितली," बाई म्हणाल्या. "शाळा नाही म्हणाली, लायब्ररी नाही म्हणाली. सिमा, क्लास बंद झाला तर ती पोरगी महिनाभरात सगळं विसरेल. मग मी तिच्याशी काय बोलू? हवापाण्याच्या गोष्टी?"

मी कपाटात होतो. माझ्या पोटात ती घोषणा होती. 

सभेच्या आदल्या आठवड्यात होळी होती. क्लासमध्ये पुरणपोळ्या. बाई किचनमध्ये लाटत होत्या आणि क्रम्पसाहेब सभेसाठी माझ्या बॅटऱ्या बदलायला आले. मला ओट्यावर ठेवलं, बॅटऱ्या घातल्या आणि निघणार इतक्यात तव्यावरच्या पोळीचा वास त्यांच्या नाकात शिरला. पाय थबकले.

"बसा क्रम्पभाऊ," बाई म्हणाल्या. मनात राग होता, पण होळीच्या दिवशी आलेल्याला तसंच पाठवायचं कसं? "एक खाऊन जा."

पहिली पोळी त्यांनी संशयाने खाल्ली. दुसरी विश्वासाने. तिसरीला खुर्ची ओढून बसले. इकडे बाईंनी पुरणाचं पातेलं सरकवून ठेवलं ते माझ्या अंगावर, बरोबर लाल बटनावर टेकलं. आणि पातेल्याच्या कडेचं पुरण ओघळून हिरव्या बटनाच्या खाचेत गेलं.

"तुमचं आजोळ कुठलं हो?" बाईंनी विचारलं.

आणि क्रम्पसाहेब बोलले. वीस सेकंद. मी जुनी घोषणा सोडून दिली आणि हे नवं गिळून घेतलं. इतकं चवदार मी कधीच काही गिळलं नव्हतं.

रविवार उजाडला. सव्वातीन वाजता हॉलमध्ये एका बाजूला लीगचे त्रेचाळीस जण ओळीत बसलेले, दुसऱ्या बाजूला लीलावतीबाई, स्वराली आणि दोन इंग्रज म्हाताऱ्या, ज्या फक्त बिस्किटांसाठी आल्या होत्या. बावीस मुलांचे आई-बाप कुठे होते? सिमाला आपली माणसं ठाऊक होती, म्हणून तिने सगळ्यांना मुद्दाम दीडची वेळ दिली होती. पण दीड म्हणजे अडीच, अडीच म्हणजे निघतोय, आणि निघतोय म्हणजे अंघोळीला गेलाय, हा हिशेब तिला मुंबईची असूनही पुरता उमगला नव्हता.

"ठराव मांडणाऱ्याला तीन मिनिटं," सिमा कोरड्या आवाजात म्हणाली. तिची नजर दाराकडे होती. बाईंनी स्वरालीचा हात घट्ट धरला होता.

क्रम्पसाहेब उठले. मला उंच धरलं. "बंधू-भगिनींनो, भाषण कशाला? आपला आवाजच पुरेसा आहे. माझ्यामागून म्हणा!" आणि हिरवं बटन दाबलं.

मी माझं तोंड उघडलं. क्रम्पसाहेबांचाच आवाज, पण तोंडात घास असलेला, लाडात आलेला.

"अजून एक द्या ना!"

तालीम इतकी पक्की, की त्रेचाळीस जण मुठी उगारून गरजले, "अजून एक द्या ना!"

"तूप जरा जास्त घाला."

"तूप जरा जास्त..." इथे अर्ध्यांचा आवाज अडखळला.

"माझी आजी अशीच करायची, खजूर घालून. माल्टाची होती माझी आजी. इंग्लिश खाण्याला काही चवच नाही हो! आमच्या लोकांना सांगू नका हं, प्लीज."

 मग मी पहिल्यापासून सुरू केलं. "अजून एक द्या ना!" क्रम्पसाहेब हिरवं बटन उपटायला लागले, पण पुरणाने ते घट्ट बसलं होतं. त्यांनी मला काखेत दाबलं, मी काखेतून बोललो. खुर्चीच्या उशीखाली कोंबलं, मी उशीखालून तूप मागितलं. बिस्किटवाल्या म्हाताऱ्यांपैकी एक दुसरीला म्हणाली, "या वर्षी सभा बरी आहे."

कीथ लालबुंद होऊन उठला. "माल्टा? डेस, नियम चार!"

"तो नियम मी लिहिलाय!" क्रम्पसाहेब ओरडले.

"म्हणूनच तर म्हणतोय!"

आता लीलावतीबाईंना वाटलं, बिचाऱ्या क्रम्पभाऊंना उगाच सगळ्यांसमोर लाजवतायत. त्या उठल्या आणि त्यांना सावरून घ्यायला म्हणाल्या, "अहो, त्यात लाजायचं काय? कीथभाऊ, तुमची आजी नाही का रिगाहून बोटीत लपून आली? आणि मॉरीनताईंचं आजोळ आयर्लंडचं. मागे बसलेत त्या उंच भाऊंचे आजोबा नेपल्सचे, त्यांच्या शेजारच्यांचे..."

"बाई, प्लीज!" चार-पाच जण एकदम ओरडले.

"अगं बाई, चुकलं का काही?" बाईंनी तोंडावर हात ठेवला.

मग जे झालं ते बघायला मला उशीखालून थोडीशीच फट होती. प्रत्येक जण दुसऱ्याला आजी विचारत होता. कुणी कुणाला "तू गप्प, लिथुएनियन!" म्हणत होतं. मॉरीनने खुर्चीवर चढून आरोळी दिली, "नियम नऊ! नियम नऊ!" काढून टाकायचं तर मोकळ्या आकाशाखाली. आणि घटना म्हणजे घटना. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जण भांडत, ढकलत बाहेर कार पार्कमध्ये गेले आणि ड्रिझलमध्ये एकमेकांना लीगमधून काढायला लागले.

सिमाने घड्याळ बघितलं. तीन चाळीस. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि आपली मंडळी आली. डबे, पिशव्या, कडेवर पोरं. सगळ्यात पुढे अर्चना, नर्सचा युनिफॉर्म अंगावर, थेट ड्युटीवरून, आणि मागे तिचा नवरा रवी.

"सॉरी सिमाताई, पार्किंगच मिळेना," रवी म्हणाला. "बाहेर केवढी माणसं! काय आहे, फुटबॉल?"

"बसा आणि हात मोकळे ठेवा," सिमा म्हणाली.

सिमा नियमाची पक्की. तिने खिडकी उघडून कार पार्ककडे तीनदा हाक मारली, "ठराव मताला टाकतेय! मत द्यायचं असेल तर आत या!"

"थांबा हो!" बाहेरून कीथ ओरडला. "आधी आमचं होऊ दे!"

सिमाने खिडकी लावली. ठरावाच्या बाजूने शून्य. विरोधात अडतीस, त्यात दोन बिस्किटवाल्या म्हाताऱ्याही. क्लास राहिला. लीलावतीबाई मटकन खुर्चीत बसल्या, नेमक्या माझ्या उशीवर, आणि मधे जरा थांबलेला मी त्या दाबाने त्यांच्याखालून पुन्हा म्हणालो, "अजून एक द्या ना!" हॉल हसून हसून पार आडवा झाला.

त्या दिवशी कार पार्कमध्ये एकोणीस जण काढले गेले. उरलेल्यांतून खरी व्हाइट क्लिफ लीग निघाली, आणि आठवड्याभरात तिच्यातून अगदी खरी. २००८ पर्यंत अगदी खऱ्या लीगमध्ये फक्त कीथ होता, आणि स्वतःच्या रिगाच्या आजीमुळे त्याला स्वतःलाच नोटीस काढावी लागली असं ऐकलं. क्रम्पसाहेबांनी कौन्सिलची सीट सोडली आणि ते ऊन बरं म्हणून माल्टाला राहायला गेले. तिथले शेजारी म्हणतात म्हणे, की हल्ली बाहेरून फार लोक येतात.

मला न्यायला कुणी आलं नाही. कोणती लीग माझी मालक, हेच ठरेना. दोन वर्षं मी कपाटात पडून होतो. बॅटऱ्या आतच राहिल्या होत्या. त्या फुटल्या, पाणी सुटलं, बॅटऱ्यांना टेकणारे माझे तांब्याचे काटे हिरवे पडले. एकेकाळी माझ्या आवाजाने रस्ते दणाणायचे आणि आता मला साधी खरखरही करता येईना. कुकर शिट्ट्या मारून मला चिडवायचा.

२००९ च्या जूनमध्ये क्लासची सहल आणि धावण्याच्या शर्यती ठरल्या. लीलावतीबाईंनी कपाट आवरायला काढलं आणि मला बाहेर घेतलं. अर्चना मदतीला होती. मला बघून तिचा चेहरा बदलला.

"हा तोच ना? बाजारातला?"

"तोच."

"फेकून द्या, काकू."

बाईंनी मला तिच्या हातात दिलं. "तू म्हणशील तसं. कचऱ्याची पेटी बाहेर आहे."

अर्चना मला घेऊन दारापर्यंत गेली.  मग ती वळून सिंककडे गेली, अर्धं लिंबू घेतलं आणि माझे काटे घासायला लागली, नर्स जखम साफ करते तशी, न चिडता आणि न लाडावता. झेंड्याचा स्टिकर पाण्याने सुटून वाहून गेला. नव्या बॅटऱ्या घातल्या. "पण पहिली मी बोलणार," ती म्हणाली, आणि मला घेऊन कार पार्कच्या दारात उभी राहिली. मला वाटलं, आता माझ्या जन्माचा हिशेब होणार. तिने मला तोंडाशी लावलं आणि सगळ्या मिल लेनला ऐकू जाईल अशी गरजली, "रवी! गाडी दोन जागांत लावलीयेस! नीट लाव!"

रवीने निमूटपणे नीट लावली. मला माझं तारुण्य परत मिळालं.

सहलीच्या दिवशी पार्कमध्ये चांगलं ऊन होतं. लीलावतीबाईंनी माझ्यातून पुकारा केला, "जेवायला चला!" त्यांना बावीस मुलांना बोलवायचं होतं. पण भोंग्याला हे सांगता येत नाही, की कुणासाठी. सगळा पार्कच उठून आला. कुत्रं फिरवणारे, क्रिकेट खेळणारे, दोन पोलीस, आणि प्लेट धरून तिसऱ्या नंबरला मॉरीन. बाई वाढत सुटल्या. एकाला नको म्हणेनात. पाय दुखायला लागले, कपाळावर घाम आला, तरी डाव हातातून सुटेना.

तेवढ्यात कुणीतरी मला गवतावरून उचललं. छोटे हात, कैरीच्या लोणच्याने तेलकट झालेले. स्वराली. नऊ वर्षांची नात कमरेवर हात ठेवून, आजीच्याच आवाजाच्या वरच्या पट्टीत, अख्ख्या पार्कसमोर मला तोंडाशी धरून म्हणाली,

"आजी! किती वेळा सांगायचं तुला? पुरे झालं आता. डॉक्टरांनी काय सांगितलंय, उभं राहायचं नाही ना? ऐकत म्हणून नाहीस कुणाचं! बस बघू तिकडे सावलीत. मी वाढते!"

एका दमात, कुठेही न अडखळता.

लीलावतीबाई डाव ठेवून गुपचूप सावलीत जाऊन बसल्या. सिमा म्हणाली, "काय हो लीलाताई, चारचौघांत नातीची बोलणी खाल्लीत!"  बाई वाढणाऱ्या नातीकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता, की जणू कुणी सत्कार केलाय.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. काम झालं की आमच्या बॅटऱ्या काढून ठेवत जा, आणि खाचेत काही गेलं तर कोमट पाण्याचं फडकं फिरवत जा. आणि कुणी भोंगा मागायला आलं तर देण्याआधी त्याला समोर बसवा, पोटभर खाऊ घाला आणि तो काय बोलणार आहे ते भोंग्याशिवाय एकदा ऐकून घ्या. हळू आवाजात सांगायला ज्याची जीभ वळत नाही, त्याच्या हातात मला देऊ नका. मी तुमच्या पाया पडतो, म्हणजे पाय असते तर पडलो असतो.